गणपतीच्या मांडवात लावायला हसरे तक्ते – सुचवा राजेहो!

धुऱ्यावरची_बाभूळ (धागाकर्ता)

राम राम मंडळी.

पोळा झाला की चार दिवसांत गणपती, आणि आमच्या मंडळाचा देखावा अजून ठरत नव्हता. दरवर्षी तेच. एक गट म्हणतो केदारनाथ, दुसरा म्हणतो चांद्रयान, आणि पैसे दोघांकडेही नसतात. शेवटी मागच्या साली लावलेलाच पडदा धुऊन लावायचा. यंदा बैठकीत एका पोट्ट्यानं मोबाइल पुढे केला. त्यात ते इन्फोग्राफिक का काय म्हणतात तसले गमतीचे तक्ते होते. सोमवारी सकाळी डोक्यात काय चालतं त्याचा गोल तक्ता, सिनेमातला हिरो किती वेळा चष्मा काढतो त्याचे खांब, असले. तो म्हणे, आपण आपल्या गावाचे काढू, मांडवाच्या दोन्ही अंगांनी लावू. आरतीला आलेला माणूस प्रसाद येईपर्यंत करतो काय? वाचेल, हसेल.

कल्पना सगळ्यांना पटली आणि काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी शाळेत गणित शिकवतो. आतापर्यंत एवढे झालेत:

एसटीचा गोल तक्ता. बाया अर्ध्या तिकिटावर, पासष्टच्या वरचे अर्ध्यावर, पंचाहत्तरच्या वरचे फुकट, शाळेची पोरं पासवर. उरली ती एक बारीक फोड. तिच्यावर लिहिलं, "फुल तिकीट काढणारा गडी (खिडकीही मिळाली नाही)".

कूलरचे दोन खांब. "कूलरसमोर बसणारे" हा मांडवाच्या छतापर्यंत. "कूलरमध्ये पाणी टाकणारे" हा वीतभर, आणि त्यावर फक्त "आई".

तिसरा पानठेल्याचा. "पाच मिनिटांत येतो" म्हणून निघालेला माणूस खरोखर केव्हा येतो, त्याची रेघ. ती कागदाच्या बाहेर जाते, तिथे बाण काढून "भिंतीवर पहा".

अजून दहा-बारा तरी पाहिजेत. गावाचे, सिनेमाचे, मालिकांचे, काहीही. आणि एक भांडणही सोडवा. आमचे खजिनदार म्हणतात, खरे आकडे नसतील तर तो तक्ता नाही, नुसता चावटपणा आहे.

*

वरुडची_आंबिया

कूलरचा तक्ता आमच्या घरात बसून काढला काय भाऊ? 😂

त्याचाच पुढचा भाग घ्या. रात्रीचे दोन. कूलरमधलं पाणी संपते, मोटरचा आवाज बदलते, गार हवेच्या जागी नुसती गरम फूक. घरात सगळे जागे होतात आणि कोणीच डोळे उघडत नाही. आडव्या अक्षावर पाणी संपून झालेली मिनिटं, उभ्यावर झोपेचं सोंग. नवऱ्याची रेघ लगेच वर जाते, त्यात मधूनमधून मुद्दाम घोरणं. पोराची त्याच्याही वर. सासूबाईंची मधेच एकदा खाली येते, "कोणीतरी पाहा बाई" असं म्हणतात, आणि परत वर. माझी दहाव्या मिनिटाला धपकन शून्यावर. मग बादलीचा आवाज.

*

नागपुरी_तर्री

अक्षाचं एकक काय ठेवलं ताई? घोरणं प्रति मिनिट?

*

वरुडची_आंबिया

@तर्री, बादल्या.

*

पुणेकर_पाहुणा

धागा आवडला. एक प्रामाणिक शंका. एवढं कूलर कूलर काय आहे? पंखा लावून भागत नाही का?

*

नागपुरी_तर्री

घ्या. आला पाहुणा.

भाऊ, तुमच्याकडे पारा ४० ला टेकला की पहिल्या पानावर बातमी येते. आमच्या चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे ४५ झाला तर लोक म्हणतात, आज जरा बरं आहे, बाजार करून येऊ. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या कडक नऊ दिवसांत, पंखा लावणं म्हणजे तंदूर ढवळणं. येजा एकदा मे महिन्यात, तर्री पोहे माझ्याकडून.

*

आकडेमोड

मास्तर, विषय झकास. थोडा इतिहास टाकतो, पोरांना सांगायला कामी येईल.

हे खांब आणि रेघा काढायचं श्रेय स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअरला जाते. त्याचं पुस्तक १७८६ चं, आणि गोल तक्ता त्यानं १८०१ मध्ये आणला. गृहस्थानं बरेच उद्योगधंदे करून पाहिले, त्यातले पुष्कळ अंगलट आले, तक्ते तेवढे टिकले. फ्लॉरेन्स नाइटिंगेलचा पाकळ्यांचा तक्ता १८५८ चा. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईनंच जास्त मेले, हे तिनं त्या पाकळ्यांतून सरकारच्या डोळ्यांत घातलं. पण माझा आवडता फ्रान्सच्या शार्ल मिनारचा, १८६९ चा. नेपोलियन १८१२ मध्ये रशियावर चालून गेला त्याचा. सैन्याचा एक पट्टा काढलाय. निघताना ४ लाख २२ हजार माणसं, म्हणून पट्टा रुंद. मॉस्कोपर्यंत बारीक होत जातो. परतीचा काळा पट्टा, त्याच्या खाली थंडीचा पारा. शेवटी १० हजार उरतात आणि पट्ट्याची दोरी होते. जाडीच सगळं बोलते.

आता हाच पट्टा आपल्या लग्नाला लावा. नवरदेव मारोतीच्या देवळातून निघतो तेव्हा पट्टा बेताचा. डीजेसमोर एकदम फुगतो. मंगलाष्टकांच्या वेळी पाहा, मांडवात भटजी, दोन मामा आणि फोटोवाला. पंगत म्हटलं की पट्टा पुन्हा असा रुंद होते की कागद पुरत नाही. आहेर लिहिणाऱ्याच्या टेबलापाशी परत बारीक. आणि दुसऱ्या दिवशी गंज-पराती मोजून परत करायला दोरा. खाली पाऱ्याच्या जागी आलू-वांग्याच्या भाजीतलं तिखट दाखवता येईल.

*

सासुरवाशीण_पण_बिनधास्त

हसून हसून पुरेवाट!! "भटजी, दोन मामा आणि फोटोवाला" 😂😂

त्यात अजून एक रेघ टाका, रुसलेल्या फुफाजीची (आत्याच्या नवऱ्याची). सगळा पट्टा एकीकडे, ती एकटीच मांडवाच्या मागे शेताच्या दिशेनं. तिच्या मागे मनवायला गेलेल्यांचा बारका पट्टा.

*

पुणेकर_पाहुणा

पत्रिकेत ११.३० लिहून २ वाजता लग्न लागतं हे मी वर्ध्याला स्वतः अनुभवलं आहे. तक्त्यात तो फरक दाखवा. भुकेनं माझे हाल झाले होते.

*

धुऱ्यावरची_बाभूळ

@पाहुणा, पत्रिकेतली वेळ आमच्याकडे निघायची असते, पोचायची नाही. पाहुण्यांनी निदान एक केळ तरी खिशात ठेवावं.

@आकडेमोड, पट्टा घेतला. दहा फुटांचा फ्लेक्स लागेल असं दिसतं. सिनेमा, मालिकांचं कोणी बोला ना.

*

वडसा_एक्स्प्रेस

मी सांगतो, पण जरा लांबण लागेल.

इंटरनेटवर एक्सकेसीडी नावाची काडीच्या माणसांची चित्रमालिका आहे, रँडल मन्रो काढतो. त्यानं २००९ मध्ये सिनेमांचे तक्ते केले. प्रत्येक पात्राची एक रेघ, डावीकडून उजवीकडे वेळ. दोघं एका जागी आले की रेघा जवळ, दुरावले की लांब, मेला की रेघ संपली. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा त्यानं मोठा गुंता अशा झकास रेघांत मांडला. आणि त्याच कागदावर 'ट्वेल्व्ह अँग्री मेन'चा तक्ता आहे. बारा सरळ रेघा, एकमेकांना चिकटून, सुरुवातीपासून शेवटपर्यंत! कारण बारा माणसं एका खोलीतून हलतच नाहीत. आपल्याकडे त्यावरून 'एक रुका हुआ फैसला' आला, त्याचाही तक्ता तोच चालते. एका कागदात दोन सिनेमे.

'शोले'चा सोपा आहे. जय-वीरूच्या रेघा जोडीनं येतात, तुरुंगाच्या चौकोनातून रामगडात शिरतात, शेवटी जयची तुटते. ठाकूरच्या रेघेला मात्र मधेच दोन फांद्या छाटलेल्या दाखवाव्या लागतील. पोट्टे हसतील, म्हातारे रागावतील.

पण मास्तर, खरा तक्ता आमच्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकाचा. दिवाळी झाली की आमच्याकडे नाटकाचा हंगाम, वडशाला कंपन्यांची कार्यालयं, आणि गावोगाव नाटक रात्री सुरू होते ते पहाटेपर्यंत. गावात शंकरपट (बैलांची शर्यत) असला तर मग विचारूच नका, दिवसा पट आणि रात्री नाटक. आता या तक्त्यात वरच्या अंगाला स्टेजवरच्या रेघा. नायक, नायिका, खलनायक, विनोदी नट, आणि सगळ्यांच्या समोर खाली बसलेल्या वाजवणाऱ्यांची सरळ रेघ, ते बिचारे रात्रभर हलत नाहीत. खालच्या अंगाला प्रेक्षकांच्या रेघा. आजीची रडण्याच्या प्रवेशापर्यंत जागी, मग आडवी. पोट्ट्यांची विनोदी नट आला की उसळते, खलनायकाच्या भाषणाला शेकोटीकडे वळते. एक रेघ पोरगी पाहायला आलेल्या पाहुण्यांची, ती स्टेजकडे कधी वळतच नाही. अर्ध्या गावच्या सोयरिकी नाटकाच्या रात्री जुळतात, हे झाडीत सगळ्यांना माहीत आहे. आणि पहाटे चारच्या पुढे एकच रेघ टक्क जागी राहते.

*

नागपुरी_तर्री

कोणाची?

*

वडसा_एक्स्प्रेस

चहावाल्याची.

*

सासुरवाशीण_पण_बिनधास्त

एक्स्प्रेस भाऊ, दंडवत घ्या.

मालिकेचा माझ्याकडून. अर्ध्या तासाच्या एका भागाचा आडवा पट्टा करा. पहिली फोड कालच्या भागाचा शेवट. मग जाहिराती. मग सासू वळून पाहते (समोरून). सासू वळून पाहते (बाजूनं). सासू वळून पाहते (विजेचा कडकडाट). परत जाहिराती. मग सून एक वाक्य बोलते. शेवटची फोड उद्याच्या भागाची झलक, जी उद्याच्या भागात नसते.

याला आकडे नकोत. घड्याळ लावून बसा, ताडून पाहा.

*

रोखठोक_काका

हसून झालं असेल तर मी खजिनदाराच्या बाजूनं बोलतो.

तुम्ही म्हणता गंमत आहे. पण लोक टक्के पाहिले की अक्कल गहाण ठेवतात. आमच्या गावच्या ग्रुपवर कोणीतरी एक गोल तक्ता टाकला होता, कोणत्या महिन्यात जन्मलेले लोक किती हुशार. गंमतच असेल काढणाऱ्याची. तीन दिवस त्यावर वाद चालला, आणि एका शहाण्यानं सोयरिकीच्या बैठकीत तो दाखवला. रंगीत चित्र, खाली टक्के, मग खोटं कसं असेल?

आणि अडाणीच फसतात असंही नाही. २००९ मध्ये अमेरिकेतल्या एका टीव्ही वाहिनीनं निवडणुकीचा गोल तक्ता दाखवला. तीन उमेदवार, ७० टक्के, ६३ टक्के, ६० टक्के. करा बेरीज. १९३! शंभराची भाकरी, वाढली एकशे त्र्याण्णव.

मास्तर, तुम्ही शाळेत शिकवता. मांडवातला तक्ता पाहून पोरगं शिकेल की कशाचेही खांब काढले म्हणजे ते खरं.

*

नागपुरी_तर्री

१९३ टक्के मतदान म्हणजे आमच्या सोसायटीची निवडणूक की हो काका 😆

*

आकडेमोड

काकांचं म्हणणं अर्धं मान्य. त्या १९३ ची भानगड अशी होती की लोकांना एकाहून जास्त नावं पसंत करायची मुभा होती. म्हणजे आकडे जागेवर ठीक, गोल तक्ता चुकीचा. खांब काढले असते तर कोणी हसलं नसतं. गोल तक्ता फक्त एका अख्ख्या गोष्टीचे तुकडे दाखवायला. नेमकं हेच मांडवात पोरांना दाखवता येते.

दुसरं, टायलर व्हिजेन नावाच्या माणसानं २०१४ मध्ये एक संकेतस्थळ काढलं. आकडे अस्सल, सरकारी नोंदीतले, आणि जोड्या वेड्यासारख्या. अमेरिकेत माणशी किती चीज खाल्लं जाते, आणि पलंगाच्या चादरीत गुंतून किती लोक मरतात. दोन्ही रेघा वर्षानुवर्षं हातात हात घालून चालतात! एका शब्दानं खोटं नाही, आणि अर्थ मात्र शून्य. काका, तुमच्या त्या सोयरिकीच्या बैठकीत हा दाखवायला पाहिजे होता. खोट्या आकड्यांपेक्षा खऱ्या आकड्यांची अशी लगीनगाठ जास्त फसवते, असं माझं मत.

*

रोखठोक_काका

अर्धं मान्य म्हणता आणि माझ्याच मुद्द्यावर येता. बरं.

*

पांढरं_सोनं

आकडेमोड भाऊ, तुमच्या त्या चीज-चादरीसारखी जोडी आमच्या घरी आहे. मी कापूस विकला की भाव चढते. रेघा काढून ठेवा, कोणाच्याही वावरातल्या काढा, हेच दिसन.

आता यात चमत्कार काही नाही हे मलेही समजते. दिवाळीनंतर सगळ्यांच्या घरी बोंडं फुटतात, वेचाईवाल्या बायांचे पैसे द्यायचे असतात, कृषी केंद्राची उधारी उभी असते, म्हणून सगळे एकाच वेळी गाड्या भरून जिनिंगवर. आवक तुंबली की भाव बसते. उन्हाळ्यात मालच नसते तेव्हा चढते. पण तेव्हा कास्तकाराच्या घरी कापूस कुठचा?

तर २०२१-२२ च्या हंगामात भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. ज्यानं ठेवला तो जिंकला, ज्यानं आधी विकला त्यानं कपाळावर हात मारला. मी दुसऱ्या गटातला. मग पुढच्या वर्षी अख्ख्या जिल्ह्यानं ठरवलं, यंदा विकायचा नाही. कोणी विकलाच नाही ना बाप्पा! समोरच्या खोलीत छतापर्यंत कापूस, माजघरात कापूस, पाहुणे आले तर बसवायचे ओसरीवर. आणि भाव उतरू लागला. आठ हजार, साडेसात, सात. उन्हाळा लागला, त्या कापसात किडे झाले, घरातल्या सगळ्यांच्या अंगाले खाज. डॉक्टर विचारते काय खाल्लं, आम्ही म्हणतो खाल्लं नाही, ठेवलं.

तक्ता घ्या मास्तर. तीन रेघा. एक कापसाचा ढीग, आडवी, हलत नाही. एक भाव, खाली. एक खाज, वर. दोन जिथे कापतात तिथे फुली, "इथे विकला".

याले आकडे सगळे खरे आहेत. काका, खाजही खरी होती.

*

वरुडची_आंबिया

हसावं की रडावं कळेना. संत्र्याचं थोडंफार असंच आहे, फक्त संत्रा घरात ठेवता येत नाही. झाडावरच व्यापाऱ्याशी डोळ्यात डोळे घालून बसायचं, आणि आधी फळ गळते की आधी आपण, ते पाहायचं.

*

पुणेकर_पाहुणा

हा तक्ता मांडवात लावाच. मी वर्तमानपत्रात कापसाच्या भावाच्या बातम्या वाचतो, पण खाजेचं कुणी लिहीत नाही.

*

कृषिकन्या_विदर्भ

उशिरा आले, सगळा धागा एका बैठकीत वाचला. मास्तर, तुमचं खरे-खोटे आकड्यांचं भांडण गावानंच सोडवलेलं मी पाहिलंय.

आमच्या अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या शेवटच्या वर्षाला ग्रामीण कार्यानुभव असतो. एका गावात राहायचं, आणि सगळ्यात आधी गावाचा नकाशा काढायचा. कागदावर नाही. ग्रामपंचायतीसमोर अंगण झाडून, रांगोळीनं, गावकऱ्यांच्याच हातानं. विहिरी निळ्या, रस्ते पांढरे, घरांना विटकरी भुकटी. आम्ही रांगोळीच्या पुड्या घेऊन उभ्या होतो आणि पहिली दहा मिनिटं कोणी हात लावेना. मग एक म्हातारी उठली, "हे पोट्टे काय काढतीन" म्हणाली, आणि तिनं पांदण रस्ता काढला. त्या रस्त्यावर कुठे चिखल असते, कुठे बंडी फसते, ते तिनं चक्क माती ओली करून दाखवलं. त्यानंतर अर्धं गाव खाली बसलं. एकाचं घर नाल्याच्या अलीकडे की पलीकडे यावर दोन भाऊ भांडले, ते निराळं.

दुसरा प्रकार चपातीचा. खरंच नाव आहे, 'चपाती आकृती'. गावाच्या मध्यभागी एक गोल, आणि भोवती कागदाचे लहान-मोठे गोल ठेवायचे. जी गोष्ट गावाला महत्त्वाची तिची चपाती मोठी, जी सहज मिळते ती जवळ. आरोग्य केंद्र मोठं पण लांब. बँक मोठी, अजून लांब. तलाठी लहान करावा की मोठा यावर बराच वेळ गेला. शेवटी लोक म्हणाले, चपाती मोठी करा आणि नाल्याच्या पलीकडे ठेवा. मग एका पोरानं सगळ्यात मोठी चपाती उचलली, गावाला अगदी चिकटून ठेवली, आणि वर लिहिलं "पानठेला". सरपंच तिथेच उभे होते. ग्रामपंचायतीची चपाती त्याच्या निम्मी होती. ते म्हणाले मला मीटिंग आहे, आणि गेले. कुठे गेले असतील ते तुम्हीच ओळखा.

तर मुद्दा असा. आकडे तुम्ही कशाला ठरवता? तक्ता कोरा ठेवा, लोकांनाच भरू द्या. आम्ही पिकांची पसंती तशीच काढायचो. जमिनीवर चौकटी, प्रत्येकाला मूठभर तुरीचे दाणे, ज्याला जे वाटतं त्या चौकटीत टाकायचे. मांडवात दाणे उंदीर खातील. तिथे टिकल्यांचं पाकीट ठेवा.

*

आकडेमोड

टिकल्या! हे आधी का सुचलं नाही कोणाला. प्रत्येक टिकली म्हणजे एक माणूस, खांब आपोआप चढत जाणार. दहा दिवसांत खरी आकडेवारी तयार, आणि खजिनदार गप्प.

*

रोखठोक_काका

एका माणसानं चार टिकल्या लावल्या तर?

*

नागपुरी_तर्री

तर १९३ टक्के होते काका.

*

रोखठोक_काका

😄 बरं बाबा, हरलो. पण कोरा तक्ता असेल तर माझी हरकत नाही, हे लिहून घ्या. काढणाऱ्यानं ठरवलेले टक्के नकोत एवढंच म्हणणं होतं. एसटीचा ठेवा, कारण सवलती खऱ्या आहेत, कोणत्याही वाहकाला विचारा.

*

वडसा_एक्स्प्रेस

आणि पूर्ण खऱ्या आकड्यांचा एक सिनेमाचा तक्ता पाहिजे असेल तर हा घ्या. 'शोले'त जय नाणं उडवते त्याचा गोल तक्ता. "छापा" १०० टक्के. अख्खा गोल एकाच रंगाचा. नाण्याला दोन्हीकडे छापाच होता ना.

*

सासुरवाशीण_पण_बिनधास्त

वाह! काका, याच्यावर काय म्हणता?

*

रोखठोक_काका

निर्दोष.

*

पांढरं_सोनं

टिकल्यांसाठी प्रश्न मी देतो. "शेतीची लाइट रात्रीची असली तर मोटर सुरू करायला कोण उठते?" बाप, पोरगा, सालदार, आणि चौथी चौकट "ऑटो (आपोआप सुरू होणारं बटन) टाकला आहे, साप त्याले पाहून घेते".

*

वरुडची_आंबिया

बायांच्या बाजूनं एक. "मांडवातल्या महाप्रसादाचा स्वयंपाक कोणी केला?" आणि "भाषणात आभार कोणाचे मानले?" शेजारी शेजारी लावा. टिकल्या आमच्याच आहेत, लावूही आम्हीच.

*

धुऱ्यावरची_बाभूळ

मंडळी, धागा सोन्याचा झाला. बैठकीत सगळे वाचून दाखवले. ठरलं ते असं.

लग्नाचा पट्टा प्रवेशद्वारापासून आतपर्यंत, फुफाजींच्या रेघेसकट. ती रेघ मांडवाच्या कनातीतून बाहेर काढून मागच्या पऱ्हाटीपर्यंत (कापसाच्या वावरापर्यंत) न्यायची असं पोट्ट्यांचं म्हणणं आहे, सुतळी लावून. झाडीपट्टीचा घेतला, पण आमच्याकडे नाटक नाही, म्हणून कीर्तन करून घेतोय. चहावाला तोच राहील. कापसाचा तक्ता पांढऱ्या सोन्याच्या परवानगीनं, जिल्ह्याचं नाव न लिहिता. त्यावरून बैठकीत बराच वेळ शांतता होती. मग एक जण म्हणाला, आमच्या घरची खाज यापेक्षा जास्त होती, रेघ वर घ्या. शोलेचं नाणं खजिनदारांनी स्वतः रंगवायला घेतलंय. मालिकेचा पट्टा बायकांच्या बाजूला लागणार होता, पण पाहणारे कोण याचा हिशेब केल्यावर पुरुषांच्या बाजूला घेतला.

कोरे तक्ते तीन. मोटरचा, महाप्रसादाचा, आणि चपातीचा. चपातीवर सरपंचांची आधी परवानगी घेतली. ते म्हणाले, "पानठेला ठेवूच नका." म्हणून पानठेल्याची चपाती आम्ही करत नाही. फक्त कोऱ्या चपात्यांचा गठ्ठा आणि एक पेन खाली ठेवणार आहे.

आता शेवटचं काम. थर्माकोल चालत नाही, बंदी आहे. फ्लेक्सवर टिकली धरेल का? पाऊस चालूच आहे.

*

कृषिकन्या_विदर्भ

फ्लेक्सवर ओल आली की गळतील. जुन्या साड्यांच्या पेट्यांचे पुठ्ठे घ्या, वर पांढरा कागद, त्यावर छान धरतात. आणि साध्या गोल टिकल्या आणा, खड्याच्या नको, पोरं काढून नेतात.

*

वरुडची_आंबिया

लाल आणि मरून एकत्र आणू नका भाऊ. मांडवातल्या दिव्यात दोन्ही सारख्याच दिसतात, आणि मग मोजायला बसाल तेव्हा खजिनदार परत सुरू होतील.